माशी न बसणारा मासा

"मोजा. डोळे असतील तर मोजा," एटुआले म्हणाला आणि फळीपासून दोन पावलं मागे सरला.

लोकांनी मोजलं. फळीवर चाळीसेक मासे उघडे पडले होते. दुपारचं ऊन थेट अंगावर, खाली बर्फाचा खडा नाही, वर केळीचं पान नाही. पाच हातांवर डुकरांच्या कुंपणापाशी माश्या घोंगावत होत्या. शेजारच्या म्हातारीच्या पपयांवर माश्या, बघायला आलेल्यांच्या कानांवर, नाकांवर माश्या. पण माशांवर एकही नाही.

"काय दिसलं?"

"काही नाही," पुढची बाई म्हणाली.

"काही नाही, हेच तर बघायला तुम्हाला बोलावलं. माशी म्हणजे कोण? सैतानाची टपालवाली. घाणीची पत्रं घरोघर वाटत फिरते. आजी माझ्या स्वप्नात आली, हे तेल दिलं आणि म्हणाली, बाळा, याचा थेंब पडेल तिथलं टपाल बंद."

लोक हसले आणि हसता हसता माशांची निवड करू लागले. मागून कुणी तरी विचारलं, "आणि बर्फ नको का रे?"

"बर्फ कुणाला लागतो काका? ज्याचा विश्वास वितळतो त्याला."

याला म्हणतात जिभेला हाड नसणं. एटुआले सहा महिन्यांपूर्वी ऑकलंडहून परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक पेटी आणि ही जीभ, एवढंच होतं. आता रस्त्याकडेला त्याचं दुकान होतं. कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे चढवून तो एका काचेच्या बाटलीतलं तेल माशांवर शिंपडायचा. तेलाला मोसोओईच्या फुलांचा असा घमघमाट, की मासळीचा वाससुद्धा यायचा नाही. दुकानावर स्वच्छतेचा पांढरा झेंडा फडकत होता. सालेपुआ गावात पांढरा झेंडा मागून मिळत नाही, तो महिला समिती देते.

गर्दीच्या मागे उभी असलेली एसेता त्या झेंड्याकडेच बघत होती. ती जिल्ह्याची आरोग्य निरीक्षक. पाच गावांतली दुकानं, बेकऱ्या, शाळांमधलं जेवण, सगळं तपासायचं काम तिचं. जन्म याच गावातला, आई अजून इथेच राहायची. आज शुक्रवार होता, आणि तिच्या हातात फक्त रविवार सकाळपर्यंतचा वेळ होता.

कारण असं. गेल्या आठ दिवसांत सालेपुआतले नऊ जण जिल्ह्याच्या दवाखान्यात आले होते. पोटात मुरडा, दरदरून घाम, तोंडातून लाळ, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नऊही जणांनी आदल्या दिवशी ओका खाल्ला होता. कच्च्या माशाचे तुकडे, नारळाचं दूध, लिंबू, कांदा, असा हा आमचा लाडका ओका. त्याने या वेळी लोकांना खरोखरच ओकायला लावलं होतं. मासा नऊही घरी एटुआलेकडचा.

"शिळ्या मासळीनं बाहुल्या अशा होत नाहीत," डॉक्टर फिलिपो तिला म्हणाले होते. "हे भाजीवर मारायच्या औषधाचं काम दिसतंय. माशाचा तुकडा राजधानीत, आपियाला तपासायला पाठवतो, पण उत्तर यायला बारा दिवस लागतील."

बारा दिवस कुठून आणायचे? परवा पांढरा रविवार. वर्षभर आमच्याकडे आधी वडीलधारे जेवतात आणि उरलंसुरलं मुलांच्या वाट्याला येतं. या एका दिवशी मात्र उलटं. पोरं पांढरे कपडे घालून देवळात पाठ केलेली वचनं म्हणतात, मग ऐटीत बसतात, आणि म्हातारेकोतारे त्यांना वाढतात. पहिला घास मुलांचा. यंदा त्या जेवणाचा सगळा मासा एटुआलेने फुकट कबूल केला होता. गावात मुलं बासष्ट होती.

एसेताच्या हातातली पेन्सिल खाली पडली, की तिने पाडली, ते तीच जाणे. ती उचलायला ती फळीखाली वाकली. वाळू नुकतीच झाडलेली होती. पण झाडणाऱ्याचा हात पोचला नव्हता तिथे, फळीच्या पायाशी, मेलेल्या मुंग्यांची रांग होती. मुंग्या चालता चालता जागच्या जागी मेल्या होत्या. त्यांच्याजवळ एक पाल उताणी पडली होती.

"काही हरवलं का, निरीक्षकबाई?" वरून एटुआलेचा आवाज आला. तोंडावर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं.

"सापडलं," ती म्हणाली.

तिथून ती सरळ लानुओलामावशीकडे गेली. लानुओला तिच्या आईची थोरली बहीण, वीस वर्षं महिला समितीची अध्यक्ष. दर महिन्याला समितीच्या बायका निळे पोशाख घालून, शिट्ट्या फुंकत गावातलं घरन् घर तपासायच्या. चटया झटकल्या का, संडासाला झाकण आहे का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माश्या किती. लानुओला चुलीपाशी उभी राहून शंभर अंक म्हणायची आणि तेवढ्यात बसलेल्या माश्या वहीत मांडायची. हा नियम तिनेच घातला होता. तरुणपणी तिने जुलाबाच्या साथीत गावची अकरा पोरं पुरलेली पाहिली होती, त्यातलं एक तिचं. ज्या घरात माश्या त्या घरात साथ, हे ती तेव्हा शिकली, आणि त्या नियमाने पुढे गाव वाचवलंही.

"मावशी, एटुआलेचा झेंडा काढ."

"का? तुझ्या साहेबांना आवडला नाही?"

"त्या माशावर विष आहे."

लानुओलाने वही उघडली. "जुलै, शून्य. ऑगस्ट, शून्य. सप्टेंबर, शून्य. माझ्या स्वतःच्या घरात तीन निघाल्या, पोरी, आणि मी स्वतःला दंड लावला. वर तो हातमोजे घालतो. तुझ्या बेकरीवाल्यांपैकी किती जण घालतात?"

"नऊ माणसं आजारी पडली ती?"

"पोटातली जुनी घाण बाहेर पडते, असं एटुआले म्हणतो. पडली, आणि बरी झाली की नाही?"

"मावशी, माशी का बसत नाही, याचा विचार केलास?"

"बसत नाही ते पुरे आहे. तुम्ही खात्यात बसून माश्या मारता. आम्ही उन्हात उभं राहून मोजतो."

चूक साधी होती, आणि एवढ्या काटेकोर बाईच्याच हातून होण्यासारखी होती. मूळ नियमाला कारण होतं. वीस वर्षांत कारण विसरलं, आकडा तेवढा राहिला. मक्षिकास्थाने मक्षिका, दुसरं काय? दारात लानुओलाची नात लागी आपलं वचन घोकत होती. सात वर्षांची, काटकुळी, पुढचे दोन दात पडलेले. मावशीचा त्या वहीइतकाच तिच्यावरही जीव होता.

कायद्याने एसेता मासे जप्त करू शकत होती. पण आमचं गाव तिला ठाऊक होतं. सरकारने एक फळी उचलली असती, तर गावाने हट्टाने एटुआलेकडूनच दुसरा मासा आणून रविवारी लपवून वाढला असता. गावाला पटल्याशिवाय मुलं वाचत नव्हती. म्हणून ती गावप्रमुख पेनिआमिना आजोबांकडे गेली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकलं, पंखा हलवत राहिला. "उद्या सकाळी सभा आहे. समितीही येईल, एटुआलेही येईल. काय सांगायचं ते तिथं सांग. पण आमच्यापुढं हात जोडून सांग, बोट दाखवून नको."

शनिवारी सकाळी सभेच्या उघड्या घरात प्रमुख मंडळी खांबाखांबाला टेकून मांडी घालून बसली होती. एका बाजूला निळ्या पोशाखातल्या बायका, बाहेर गवतावर सारं गाव. एटुआले हातमोज्यांसकट, तेलाची बाटली घेऊन आला. त्याने लाकडी परातीत ओका आणला होता, दाट दुधाचा, वर मिरची पेरलेला. तो वाकून म्हणाला, "उद्याच्या जेवणाची चव आज प्रमुखांनी घ्यावी."

"आणि तू?" एसेताने विचारलं.

"माझा रविवारपर्यंत उपास आहे."

पेनिआमिना आजोबांनी वाटी हातात घेतली. एसेताला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात आजोबा प्रसन्न हसले. "उद्या पहिला घास मुलांचा, मग आज माझा कसा? लागी, ये गं इकडे."

लागी पुढे आली, गुडघे टेकून बसली, आणि तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली. लानुओलाची मान अभिमानाने ताठ झाली. पोरीने वाटी ओठांना लावली.

एसेताने धावत जाऊन ती उडवली.

वाटी खांबावर आपटली. दूध आजोबांच्या मांडीवर सांडलं. सभा बसलेली असताना उभं राहणं हाच आमच्याकडे गुन्हा, आणि इथे प्रमुखाने दिलेलं अन्न लाथाडल्यासारखं झालं होतं. बाहेर एसेताच्या आईने तोंडावर पदरासारखं फडकं ओढलं. लागी रडू लागली. दोन तरुण एसेताला धरायला उठले.

"बसा," आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "एसेता, तू आता कारण सांगशील. ते खोटं निघालं तर तुझ्या आईचं घर आजपासून गावाबाहेर. कळलं?"

"कळलं." एसेता खाली बसली. मग हात जोडले आणि एटुआलेकडे वळली. "दादा, तुझ्या तेलाचा आशीर्वाद फक्त माशालाच लागतो, की कशालाही?"

एटुआलेने गावाकडे पाहिलं. एवढी गर्दी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. "थेंब पडेल ते शुद्ध," तो म्हणाला. "मासा असो, मांस असो, दगड असो."

"आणि शुद्ध झालं हे ओळखायचं कसं?"

"माशी सांगते. तुझ्या मावशीला विचार."

"बरोबर आहे," लानुओला म्हणाली. "माशी खोटं बोलत नाही."

एसेताने बाहेर बसलेल्या आईला काही सांगितलं. आई गेली आणि केळीचं पान दोन्ही हातांत धरून परतली. पानावर डुकराची ताजी विष्ठा होती, आणि विष्ठेवर माश्यांचा काळा थर. ते पान तिने सभेच्या पायरीवर ठेवलं. बायकांनी नाकं दाबली. एका प्रमुखाने तोंड फिरवलं.

"हे काय मांडलंयस?" लानुओला ताडकन म्हणाली.

"मावशी, मोज ना. नेहमीसारखी."

"वीसच्या वर आहेत. मोजायचं काय त्यात."

"दादा, आता थेंब टाक."

एटुआले हलला नाही. "पवित्र तेल आहे हे. असल्या घाणीवर..."

"दगडसुद्धा शुद्ध होतो म्हणालास ना," आजोबा म्हणाले. "टाक."

एवढ्या गर्दीसमोर माघार घ्यायची सोय राहिली नाही. त्याने बाटली कलती केली. फुलांचा वास दरवळला. माश्या उठल्या, घोंगावल्या, काही पुन्हा बसल्या. मग थोड्या वेळाने बसलेल्या माश्या स्वतःभोवती गरगर फिरू लागल्या. पाठीवर पडल्या. पाय झाडले. एकेक करून निपचित झाल्या. बाकीच्या पानाजवळ येऊन परतू लागल्या. लांबून एक कोंबडी टोचायला आली, तिला एका बाईने हाकललं, आणि हाकलताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका उमटली.

"मावशी," एसेता म्हणाली, "आता शंभर अंक म्हण आणि बसलेल्या माश्या मोज."

लानुओला पायरीपाशी उभी राहिली. सवयीने तिचे ओठ हलू लागले. साठच्या पुढे आवाज बारीक झाला. शंभरला ती थांबली.

"किती?"

लानुओलाने काखेतली वही उघडली, पण पेन्सिल टेकवली नाही.

"वहीत काय लिहायचं, मावशी? शून्य ना? मग या पानालाही पांढरा झेंडा द्यायला हवा. उद्या मुलांना वाढायचं का हे?"

मागे कुणी तरी फिसकन हसलं. पण ते हसणं तिथेच विरलं, कारण त्याच क्षणी प्रत्येकाला आपण गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते आठवलं.

"ही करणी आहे," एटुआले म्हणाला. "या बाईच्या मनातल्या संशयानं तेल बिघडलं. आजीनं मला आधीच..."

"आजीला राहू दे झोपलेली," पेनिआमिना आजोबा म्हणाले. मांडीवरचं दूध त्यांनी अजून पुसलं नव्हतं. ते आता त्याकडे जपून बघत होते. "तुझा उपास आहे, खाऊ नकोस. नुसते हातमोजे काढ आणि तेल ओंजळीत घे. एवढंच."

एटुआलेने बाटलीकडे पाहिलं. मग हातांकडे. सारं गाव त्या पिवळ्या हातमोज्यांकडे बघत होतं. ज्यांच्यासाठी समितीने त्याला शाबासकी दिली, ते हातमोजे मासा राखायला नव्हते, हात राखायला होते.

"काढतोस ना?"

"आजोबा," तो म्हणाला. जीभ पहिल्यांदाच जड झाली होती. "कोबीवर मारतात तेच औषध आहे. सगळेच मारतात. खोबरेल तेलात दोन झाकणं घालायचो. बर्फ परवडत नाही. आपियाहून मासा येईस्तोवर मऊ पडतो, घेणार कोण? आधी दोनच घालायचो."

"आधी म्हणजे? आता किती?" एसेताने विचारलं.

"ऊन वाढलं. माश्या वाढल्या. या आठवड्यात चार."

एसेता गावाकडे वळली. बोट दाखवलं नाही, हात जोडलेलेच होते. "जे माशीला मारतं, तेच माणसाला मारतं. माशी लहान, ती लगेच मरते. मोठा माणूस मोठा, तो ओकून वाचतो. उद्या पहिला घास मुलांचा आहे. मूल किती मोठं असतं?"

आया आपापल्या पोरांचे हात शोधू लागल्या. आजोबांनी दोन माणसांना दुकानातली मासळी खड्डा खणून पुरायला सांगितलं, आणि एटुआलेला पोलीस येईपर्यंत खांबाशी बसवलं. काम फत्ते झालं, असं एसेताला वाटलं. तिने श्वास सोडला.

तेव्हा लानुओलाने तिचा दंड धरला. मावशीचे हात बर्फासारखे गार पडले होते.

"एसेता, वाटी तू उडवलीस. पण लागीला मी सकाळीच तो मासा दिला होता. घरी. पोर वाळलेली, उद्या देवळात उभी राहायची, म्हणून जरा जास्तच."

एसेताने वळून पाहिलं. लागी खांबाला टेकून बसली होती. रडं थांबलं होतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि पांढऱ्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

पुढचा अर्धा तास एसेताला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात मांडीवर कुशीला वळवलेली लागी, तोंडातली लाळ फडक्याने सारखी काढणारी लानुओला. पोरीचा श्वास घरघरत होता. वाटेत एकदा तो इतका लांबला, की मावशीने एसेताच्या मनगटात नखं रुतवली. कुणी देवाचं नाव घेतलं नाही, एटुआलेचंही नाही. दोघी फक्त श्वास मोजत होत्या.

डॉक्टर फिलिपोंनी पोरीचे डोळे उघडून पाहिले. "काय खाल्लं? कधी? किती? कुणी दिलं? खरं सांगा, अंदाज नको."

लाज वाटली असती तर लानुओलाने 'माहीत नाही' म्हटलं असतं. अशा वेळी घरोघर तसंच म्हणतात, आणि डॉक्टर अंधारात चाचपडत बसतात. लानुओला म्हणाली, "मी दिला. सकाळी सातला. मूठभर कच्चा मासा, त्यावर कोबीचं औषध होतं. मी, तिची आजी, माझ्या हातानं."

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. थेट इंजेक्शन भरलं. मग दुसरं. मग तिसरं. लागीचे कपडे काढून अंग साबणाने धुतलं. दुपारी बाहुल्या मोठ्या झाल्या. तिन्हीसांजेला पोरीने पाणी मागितलं, आणि आपलं वचन विसरल्याचं सांगून ती रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "रडते आहे ना? रडू द्या. चांगलं लक्षण आहे."

रविवारी देवळात एकसष्ट मुलं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. वचनं म्हणून झाली. मग लागीचा नंबर आला आणि जागा रिकामी राहिली. त्या जागी लानुओला जाऊन उभी राहिली. आज मोठ्यांनी बोलायचा दिवस नव्हता, पण तिला कुणी अडवलं नाही.

"माझी नात जिवंत आहे," ती म्हणाली. "ती तेलानं वाचली नाही आणि माझ्या वहीनं तर नाहीच. डॉक्टरला खरं कळलं म्हणून वाचली. मी वीस वर्षं तुमच्या घरात शिरून माश्या मोजल्या, तुम्हाला दंड लावले. एकदाही स्वतःला विचारलं नाही, की जिथं माशी यायलाच हवी तिथं ती का येत नाही? हे मला एका पोरीनं विचारलं, तर मी तिला हिणवलं. पोरांनो, तुम्ही मला हिणवा, पण विचारा. विचारलं म्हणून जो रागावेल, त्याला दुसऱ्यांदा विचारा. कुणी म्हणालं स्वप्नात मिळालं, तर बाटलीत काय आहे ते विचारा. मी सांगते म्हणून माझंही ऐकू नका."

मुलांना हे भाषण फार लांब वाटलं. त्यांना भूक लागली होती.

मग जेवण झालं. उकडलेला तारोचा कंद, भाजलेली केळी, कोंबडी, आणि डब्यातला मासा. मुलं आधी बसली. पेनिआमिना आजोबा वाकून वाढत होते. ते पाच वर्षांच्या एका मुलापाशी आले, तेव्हा पोराने ताटातला तुकडा उचलला, नाकाशी नेला, आजोबांकडे बघितलं आणि विचारलं, "हा कुठून आणला?"

गावात आजवर प्रमुखाला असं कुणी विचारलं नव्हतं. पोराच्या आईने त्याला चापट मारायला हात उचलला.

"थांब," आजोबा म्हणाले. ते गुडघ्यांवर खाली बसले आणि त्याला सगळं सांगू लागले, दुकान कुठलं, डबा कधी उघडला, कुणी उघडला. पोराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग घास तोंडात घातला.